दस्तगीरभाईंची चिंधी

साताऱ्याच्या शनिवार पेठेत आम्ही दस्तगीरभाई रंगाऱ्यांचे हात बघून वार ओळखायचो, असं मी पुष्कळांना सांगत आलो आहे. ते खरं नाही. वार कळत नसे, हंगाम कळे. संक्रांत जवळ आली की हात कोपरापर्यंत काळे, मोहरमच्या आधी हिरवे, लग्नसराईत पिवळे. भर पावसाळ्यात काम नसलं की हातांचा मूळ रंग दिसायचा आणि ते हात एकदम आजारी माणसाचे वाटायचे.

त्यांच्या दुकानाच्या भिंतीला भिंत लावून माझी भाड्याची खोली होती. मी तेव्हा पंचविशीचा, नुकतं लग्न झालेला, आणि सांगलीच्या एका हळदीच्या पेढीचा फिरता एजंट. आयुष्यातल्या माझ्या निम्म्या चुका मी तोंडानं केल्या, उरलेल्या लेखणीनं. ज्या प्रकरणामुळं दस्तगीरभाई माझ्या मनातून हलत नाहीत, त्यात ही दोन्ही हत्यारं मी दोन दिवसांच्या आत वापरली.

पण आधी चिंधीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

कापड घेऊन कुणी आलं की दस्तगीरभाई पहिला प्रश्न विचारत, "पक्का का कच्चा?" दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळं परदेशी रंग यायचे बंद झालेले. पक्का रंग म्हणजे चैन. कच्चा मागणाऱ्याला ते तोंडावर सांगत, "ह्यो उनात वाळीवलासा तर चार धुण्यांत जाईल. मागनं माज्या नावानं बोंब नको. चालंल का?" हे ऐकून निम्मी गिऱ्हाइकं पुढच्या गल्लीतल्या रंगाऱ्याकडं जात. तो काही सांगत नसे, त्यामुळं त्याचे सगळे रंग पक्के असत. इकडं पडद्याआडून त्यांच्या बायकोचा, हलिमाभाभींचा, खोकला ऐकू येई. तो खोकला आजाराचा नव्हता, संसाराचा होता.

जे गिऱ्हाईक टिके, त्याच्या कापडाच्या काठाची बोटभर चिंधी दस्तगीरभाई त्याच हंड्यात बुडवत आणि वाळली की मधोमध फाडत. अर्धी त्याच्या हातात, अर्धी गाठ मारून आढ्याखालच्या सुतळीला. सांगितल्यापेक्षा लवकर रंग गेला तर चिंधी घेऊन यायचं, ते फुकट पुन्हा रंगवून देत. कितीतरी वर्षांच्या चिंध्यांची माळच तिथं लोंबत होती. मी एकदा म्हणालो, दस्तगीरभाई, कुणाला वाटेल तुम्ही इथं चिमण्यांची लग्नं लावता. ते हसले नाहीत.

"पंत, ती माजी जबान हाय," ते म्हणाले. "वाळत घातल्याली."

त्या जबानीची परीक्षा मीच घेतली होती. नोकरी लागल्याच्या आनंदात मी माझा जुना खाकी कोट त्यांच्याकडून निळा करून घेतला. त्यांनी बजावलं होतं, महिनाभर सोडा लावू नका. सासुरवाडी औंधची. तिथं पहिल्यांदा जायचं म्हणून मी आदल्या दिवशी तो कोट धुण्याच्या सोड्यात उकळून काढला आणि ओलसर असतानाच अंगात घातला, रात्री तसाच झोपलो. सकाळी सासूबाईंची पांढरी पासोडी निळी, उशी निळी, आणि माझी मान निळी बघून सासरेबुवांनी वैद्याला बोलावणं धाडलेलं. परत आल्या आल्या भर पेठेत मी दस्तगीरभाईंवर तोंड टाकलं. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. मग विचारलं, "सोडा घातला व्हता?" मी म्हटलं, छे. त्यांनी कोट नाकाजवळ नेला, माझ्याकडं बघितलं, आणि हंड्याखाली जाळ केला. कोट परत देताना एवढंच म्हणाले, "ह्या टायमाला म्या तुमच्यासाटी रंगीवला न्हाई. चिंधीसाटी रंगीवला."

त्यांची आणखी एक खोड सांगायला हवी. जेवायच्या आधी हात धुणं. आधी राख, मग चिंच, मग नारळाच्या काथ्यानं नखं. मग पुन्हा राख. हलिमाभाभींची भाकरी तोवर गार व्हायची. मी ओट्यावरून टोमणे मारायचो की दस्तगीरभाई, हात जेवणार आहेत की तुम्ही. त्यावर ते कधी उत्तर देत नसत. मला वाटे, माझा विनोद त्यांना कळत नाही. माझ्या बहुतेक श्रोत्यांविषयी माझं तेच मत होतं.

तर पेढी. आमची हळद दळून तयार, पिवळ्या कापडी पिशवीत, पिशवीवर गौरीहराचा छाप. तोवर बायका हळकुंडं आणून घरी कुटत. आम्ही त्यांचे हात वाचवायला निघालो होतो. "सासरी न्या, माहेरी न्या, गौरीहर हळद घरी न्या" ही ओळ माझी. ती सुचली त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो नव्हतो, इतका भारावलो होतो. पिशव्या रंगवायचं काम मी दस्तगीरभाईंना मिळवून दिलं, आणि ते मी पेठेत सगळ्यांना सांगितलं. पेढीचे मालक शेटजी म्हणाले होते, कुठलाही स्वस्त पिवळा चालेल. दस्तगीरभाई अडून बसले. खायच्या जिनसाला चिकटणारी पिशवी आहे, हळदीतच रंगवणार, दुसरा रंग घालणार नाही. हा रंग कच्चा आहे, उन्हात फिका पडेल, असंही त्यांनी चिठ्ठी लिहून कळवलं आणि चिठ्ठीबरोबर रीतीप्रमाणं अर्धी चिंधी पाठवली. शेटजींनी माझ्यादेखत त्या चिंधीनं चष्मा पुसला.

पण काम चालू झालं. लढाईत बसलेलं घर उभं राहिलं. पिशव्यांशिवाय त्यांच्याकडं दुसरं काम असं उरलंच नव्हतं. हलिमाभाभींचा खोकला थांबला.

लढाई संपून वर्ष झालं असेल तेव्हाची ही गोष्ट. समोरच्या भागीरथीकाकूंच्या कमळचं लग्न ठरलं. काकू म्हणजे आमच्या पेठेचं न्यायालय. नळावरच्या भांडणापासून सोयरिकीपर्यंत निकाल त्यांच्या ओट्यावर लागत. कमळची अष्टपुत्री, म्हणजे नवरीचं हळदीत रंगवलेलं लुगडं, दस्तगीरभाईंकडंच जायचं. पेठेची रीत अशी, की त्या लुगड्याला लागणारी हळद नवरीच्या घरून जाते. मी संधी साधली. गौरीहरची एक मोठी पिशवी काकूंना भेट दिली आणि चार बायकांसमोर म्हणालो, कमळ सासरी जाणार ती आमच्या हळदीत न्हाऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरभाईंनी मला हाक मारली.

"पंत, आत या. दार लोटा."

त्यांच्या दुकानाचं दार दिवसा लोटलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आत अष्टपुत्री दोरीवर होती, देवीच्या वणांसारखे पिवळे डाग पडलेली. त्यांनी हंडा कलता केला. पाणी ओघळून गेलं आणि तळाला बोटभर जाडीचा पिवळाजर्द चिखल राहिला.

"हळद कापडात शिरती," ते म्हणाले. "ही शिरली न्हाई. खाली बसली."

मग त्यांनी एका कौलावर दोन चिमटी ठेवल्या. एक त्यांच्या डब्यातली, एक काकूंच्या पिशवीतली. माझ्या पानाच्या डबीतला चुना त्यांनी मागून घेतला आणि थेंबभर पाण्यात कालवून दोन्हींवर लावला. त्यांची हळद बघता बघता लाल झाली. आमची गढूळ झाली, आणि त्या गढुळात पिवळे कण डोळे वटारून तसेच राहिले.

"हळदीला चुना लागला की कुंकू हुतंय. ज्येचं कुंकू हुईना, ती हळद न्हवं."

मग काय आहे, असं मी विचारलं तेव्हा माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटला.

"विलायती पिवडी. दरवाज्याच्या तेलरंगात घालत्यात ती. शिश्याची असती." त्यांनी कौल बाजूला सारलं. "माजा बा मिरजेत टांगं रंगवायचा. जन्मभर ही पिवडी घोटली त्येनं. आदी पोटात कळा. मग मनगटं गेली. अशी." त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि मनगटं सैल सोडली. पंजे मेलेल्या पाखरांसारखे खाली लोंबले. "शेवटाला घास म्या भरवायचो."

राख, चिंच, काथ्या. त्या ओट्यावर बसून मी मारलेले सगळे टोमणे एकदम माझ्याकडं परत आले. त्यांच्यामागून दुसरा विचार आला तो जास्त वाईट होता. आमच्या घरात फळीवर गौरीहरची पिशवी होती, आणि सुशीलेला पाचवा महिना होता.

दस्तगीरभाईंचं म्हणणं, काकूंना आत्ताच्या आत्ता सांगायचं. मी हात जोडले. शेटजींना हे ठाऊक नसणार, गिरणीतला कुणीतरी हरामखोर असणार, मी आज सांगलीला जातो, उद्या येतो, तोवर गप्प राहा. पिशव्यांचं काम जाईल, हेही मी त्यांना ऐकवलं. त्यांनी पडद्याकडं एकदा पाहिलं.

"उद्या दुपारपातुर," ते म्हणाले. "अष्टपुत्री माज्या हळदीत काढतो. पर पंत, पेठंत पोरं जेवत्यात. दुपार म्हंजी दुपार."

घरी येऊन मी फळीवरची पिशवी उचलून ट्रंकेत कोंबली. सुशीलेनं विचारलं, कुठं नेता. म्हटलं, नमुना आहे. बायकोला खरं सांगायचं धैर्य नव्हतं, आणि खोटं सांगायची अक्कल नव्हती. तिनं रिकाम्या फळीवर फडकं फिरवलं.

सांगलीला शेटजींसमोर जायचं म्हणून दाढी करायला बसलो. न्हाव्यानं विचारलं, पंत, आज गाल का थरथरतोय. तोंड बंद ठेवायचं मी ठरवलंच होतं. मी एकच वाक्य बोललो, आणि तेही अगदी सांभाळून: दस्तगीरभाईंच्या हंड्यात पिवडी निघाली. बाकी काही सांगितलं नाही म्हणून मोटारीत बसल्यावर मी स्वतःवर खूषही होतो.

शेटजी पेढीवर गादीला टेकून बसले होते. हरिपूरच्या पेवातून, म्हणजे जमिनीतल्या कोठारातून, काढलेली हळकुंडं समोर पसरलेली. त्यांनी चहा मागवला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते दचकतील. ते दचकले नाहीत, त्यामुळं मी दचकलो. फार शांतपणे त्यांनी मला समजावलं. साधी हळद फिकी दिसते, दुकानात पडून राहते. पिवळीधमक ठेवली की हां हां म्हणता उठते. बायका डबा उघडून काय बघतात, वास की रंग? मग निवड कुणाची झाली? "मी रंग विकत नाही हो पंत, त्या रंग विकत घेतात." वर म्हणाले, सगळा बाजार करतो, चिमूटभराचा तर प्रश्न, आणि कोण मेलंय?

याचं उत्तर मला आजही सुचतं ते मोटार चुकल्यावर स्टँडवर पोचावं तसं.

मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "पिशव्या कुणी रंगवल्या होत्या?"

पुढचं मला लिहायचं नव्हतं. पण ते एकदा लिहिलेलंच आहे, माझ्याच अक्षरात. पिशवीचा रंग उतरला, तो हळदीत मिसळला, पेढीचा दोष नाही, असं जाहीर पत्रक काढायचं होतं. साताऱ्यात ते मी वाचून दाखवायचं आणि त्यावर रंगाऱ्याची सही घ्यायची. सही केली तर त्याला दुसरं काही काम बघू म्हणाले. मला सांगलीच्या पेढीत कायमची जागा. शेटजी सांगत गेले, मी लिहीत गेलो. त्यांनी "रंगाऱ्याच्या चुकीमुळे" असं सांगितलं होतं. मला ते वाक्य पांगळं वाटलं. मी "रंगाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे" केलं. शेटजींनी मान डोलावली. मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

परतीची मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. चढ आला की थांबे. कराडला कुणीतरी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होतं. दिवस वाईट होते. कुठल्या कुठल्या शहरांत माणसं माणसांना कापत होती. आपल्याकडं तसं होणार नाही असं सगळे म्हणत होते, आणि म्हणताना एकमेकांकडं बघत नव्हते. पत्रक माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. कोट तोच, दोनदा रंगवलेला.

पेठेत शिरलो तर दस्तगीरभाईंच्या दारासमोर पन्नास-साठ माणसं उभी होती. मागच्या बाजूला आमच्या पेठेतली नसलेली सहा-सातजण, हातात काठ्या. एका पोराला विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "दस्तगीरनं हळदीत पिवडी घातली."

न्हाव्याच्या खुर्चीतून निघालेलं माझं वाक्य रात्रभर पेठेत फिरून आलं होतं. वाटेत त्यातला कामाचा शब्द तेवढा बदलला होता. "निघाली"ची "घातली" झाली होती.

दस्तगीरभाई उंबऱ्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर ठेवून. नवी अष्टपुत्री नुकतीच हंड्यातून काढलेली, त्यामुळं हात कोपरापर्यंत पिवळे. काठीवाल्यांतला एकजण म्हणाला, "हात बघा की त्येचं." सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं. ते हात मी रोज बघत होतो, आणि त्या क्षणी मलाही ते गुन्हेगाराचे दिसले. पडदा हलला. आत लेकरं असणार. एकानं खाली वाकून दगड उचलला. तो मारला नाही, नुसता या हातातून त्या हातात करत राहिला.

"एजंट आलं, त्यास्नी इचारा," कुणीतरी म्हणालं, आणि वाट झाली. माझं तोंड जन्मात पहिल्यांदा बंद पडलं.

दस्तगीरभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "पंत, दुपार झाली," ते म्हणाले. मी खिशातलं पत्रक चाचपलं. मग माझ्यावरून नजर काढून त्यांनी भागीरथीकाकूंकडं वळवली.

"काकू, म्या कशाला हात लावत न्हाई. जिच्या तिच्या घरची चिमूटभर हळद आना. चुना बी तुमचाच. हितं ओट्यावर लावा आन् कुंकू हुतंय का बगा. मग काय कराचं त्ये करा."

काकूंनी आधी दगडाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. घरात लग्न, आणि लेकीच्या हळदीवर ही बला. मग म्हणाल्या, "कमळ, डबा आण गं."

एक गेली तशा बाकीच्या गेल्या. काठीवाल्यांची पंचाईत झाली. बायका हळद आणायला गेल्यात आणि आपण मारामारी कुठून सुरू करायची, हे त्यांना कळेना. ओट्यावर पांढरं धोतर अंथरलं गेलं. पहिली चिमूट काकूंचीच, मी भेट दिलेल्या पिशवीतली. चुना लागला. गढूळ झाली, पिवळे कण तसेच. काकूंनी ओठ आवळले. दुसरी एका म्हातारीची. "पिशवीची का घरची?" काकूंनी विचारलं. "घरची. कांडल्याली." ती लालभडक झाली. तिसरी पिशवीची, गढूळ. चौथी पिशवीची, गढूळ. पाचवी घरची, लाल. माणसं पुढं सरकत होती, पण आता दस्तगीरभाईंकडं नाही, धोतराकडं.

तेवढ्यात सुशीला आली. अवघडलेल्या अंगानं, हातात वाटी. एजंटाच्या घरची हळद, सगळ्यांच्या माना वर झाल्या. तिनं चिमूट ठेवली, काकूंनी चुना लावला, आणि ती देवीच्या मळवटासारखी लाल झाली.

"ही तरी पिशवीची ना?" काकू म्हणाल्या.

सुशीला खाली बघत म्हणाली, "घरची. पहिल्यापासून मी कुटूनच घेते. ह्यांच्या पिशवीला वासच नाही. ती मी रांगोळीत भरते."

हसण्याची एक लाट गेली. इतका अपमान आणि इतकं हायसं मला एका वेळी पुन्हा कधी वाटलं नाही. वर्षभर मी गावोगाव बायकांना जे पटवत फिरत होतो, ते माझ्या स्वैपाकघरात एक दिवसही पटलं नव्हतं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तिनं ते सांगितलंही नव्हतं.

हसणं विरायच्या आत दगडवाला म्हणाला, "पिशवीचाच रंग उतरला आसंल की. पिशव्या ह्येनंच रंगीवल्यात."

ते वाक्य माझ्या खिशात होतं. मी न वाचता ते साताऱ्यात येऊन पोचलं होतं. आता मी पत्रक वाचलं असतं तर पेढीचा शिक्का त्यावर बसला असता, आणि त्या शिक्क्याचं पुढं काय झालं असतं ते त्या दगडाला ठाऊक.

दस्तगीरभाई उठले. सुतळीवरून एक पिवळी चिंधी सोडवली आणि काकूंच्या हातात दिली. "पिशवीची हाय. उकळा."

काकूंच्या चुलीवरची पातेली आली. तीन दगडांवर तिथंच जाळ केला. पाणी उकळायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी समजलं. दगड या हातातून त्या हातात जात होता. पाणी पिवळं झालं. काकूंनी पातेली उतरवून वाकून पाहिलं. तळ स्वच्छ. चुन्याचं बोट बुडवलं आणि पाणी लाल झालं.

तेव्हा मी खिशात हात घातला. हे मी पुढं अनेकदा सांगितलं आहे आणि सांगताना पत्रक टराटरा फाडलं आहे. खरं म्हणजे ते पेढीच्या जाड कागदावर होतं, त्यामुळं ते फाटलंच नाही. मी ते काकूंना दिलं. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. एका शब्दावर त्या थांबल्या.

"हलगर्जीपणा. हा शब्द कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो. त्या प्रकरणात मी पेठेसमोर बोललेलं पहिलं खरं वाक्य ते.

दस्तगीरभाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. पातेलीतली चिंधी काढली, पिळली आणि होती त्या जागी परत बांधली. काठीवाले केव्हा गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. दगड मात्र ओट्याच्या कडेला ठेवून गेले होते, नीट, परत करायची वस्तू असावी तसा.

पुढं बायकांनी जे केलं ते कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशीच पिशव्या वाण्यांच्या फळीवर परत आल्या. वाण्यांनी त्या पेढीला धाडल्या. मी राजीनामा दिला असं मी सांगत असतो, पण त्याआधी दोन दिवस मला काढल्याचं पत्र आलं होतं. काही महिन्यांनी तीच हळद दुसऱ्या नावानं, तांबड्या पिशवीत आली. तोवर शनिवार पेठेतली प्रत्येक बाई पदराला चुन्याची डबी बांधून बाजारात जायला लागली होती. आम्ही लोकांना चुना लावत होतो, बायकांनी तो हळदीला लावला. तांबडी पिशवी पहिल्या दुकानातूनच मागं फिरली. शेटजींनी पिवडी सोडली की नुसता आमचा रस्ता सोडला, मला माहीत नाही.

कमळ त्याच अष्टपुत्रीत सासरी गेली. पिशव्यांचं काम गेलं ते गेलंच. हलिमाभाभींचा खोकला परत सुरू झाला, आणि भिंतीपलीकडं तो ऐकताना मी कूस बदलत असे. दस्तगीरभाई माझ्याशी दोन महिने "नळ आलाय" याखेरीज काही बोलले नाहीत. मुलगी झाली तेव्हा एक पिवळी कुंची घेऊन स्वतः दारात आले. "कच्चा हाय," म्हणाले. "पर तोंडात घातली तरी चालंल." अर्धी चिंधी सुशीलेच्या हातात दिली, माझ्या नाही.

सातारा सोडला तो दोन-तीन वर्षांनी, दुसऱ्या नोकरीसाठी. सामान स्टँडवर गेलं होतं. निरोप घ्यायला दुकानात शिरलो तर दस्तगीरभाई पाटावर चढून सुतळीवरची एक चिंधी सोडवत होते. पार पांढरी पडलेली. त्यांनी ती खालच्या वाडग्यात हळदीच्या पाण्यात बुडवली, पिळली.

कसली, म्हणून विचारलं.

"पिशवीची. कच्चा रंग हाय, दर साली बुडवाया लागती."

मी म्हणालो, दस्तगीरभाई, शेटजींनी त्यांच्या अर्धीनं माझ्यासमोर चष्मा पुसला होता, ती त्यांनी केव्हाच फेकली असेल.

"त्येनं फेकली आसंल," ते म्हणाले. "म्या न्हाई."

मला विचारायचं होतं, माझ्या कोटाची अजून आहे का. धीर झाला नाही. त्यांनीच माळेवर बोट फिरवत एका निळ्या तुकड्यापाशी ते थांबवलं. "ही तुमची. ही बी दोनदा बुडीवल्याली."

स्टँडकडून मोटारीचा भोंगा वाजला. कोपऱ्यावरून मी वळून पाहिलं. दार सताड उघडं होतं. ते पाटावर उभे होते, दोन्ही हात वर, कोपरापर्यंत पिवळे, आणि मनगटं ताठ. गाठ मारत होते.